चाळिशीचा हिशेब



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास ऐकता, राजकारण तर ऐकताच. मी आज आपल्यापुढे एक साधा चष्मा ठेवणार आहे.

आपल्या भाषेने एका वयाला आणि एका चष्म्याला एकच नाव दिले आहे : चाळिशी. इंग्रजी वैद्यकात या अवस्थेला जे नाव आहे ते ग्रीकमधून आले असून त्याचा अर्थ 'म्हाताऱ्याची नजर' असा होतो. आपल्या पूर्वजांनी माणसाला म्हातारा ठरवले नाही. त्यांनी नुसता आकडा सांगितला. आणि हा आकडा इतका चोख आहे, की थोडा मागेपुढे होईल, पण चुकायचा नाही. मग जी गोष्ट नावातच तारीख सांगून येते, ती प्रत्येकाला अचानक आल्यासारखी का वाटते?

सुरुवात कशी होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. औषधाच्या बाटलीवरची तारीख दिसत नाही, तेव्हा आपण छापखान्याला नावे ठेवतो. सुईत दोरा जात नाही, तेव्हा दोरा खराब असतो. मोबाईल हळूहळू छातीपासून दूर जातो आणि एके दिवशी हातच अपुरा पडतो. मुलगी म्हणते, "बाबा, डोळे दाखवून घ्या." आपण म्हणतो, "उजेड कमी आहे गं."

यात उजेडाचा भाग खरा आहे. उजेड भरपूर असला म्हणजे बाहुली आकसते आणि लहान छिद्रातून पाहिल्यावर थोडे स्पष्ट दिसते. पण मूळ कारण बाहुलीच्या मागे आहे. तेथे एक पारदर्शक भिंग असते आणि त्याच्याभोवती स्नायूचे कडे असते. दूर पाहताना हा स्नायू सैल असतो, भिंगाला धरणारे बारीक तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळचे पाहायचे झाले की स्नायू आवळतो, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकपणाने फुगते. आता हे भिंग जन्मभर वाढत असते. त्यावर नवे थर चढतात, जुने गळून पडत नाहीत. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे ते आतच दाबले जातात. त्यामुळे भिंग ताठर होत जाते आणि स्नायूने कितीही आवळले तरी फुगत नाही.

ही घसरण चाळिसाव्या वर्षी सुरू होत नाही. ती बालपणापासून चालू असते. दहा वर्षांचे पोर सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट पाहू शकते. विशीत हे अंतर सुमारे दहा सेंटिमीटर होते, चाळिशीत वीसच्या पुढे जाते आणि पन्नाशीच्या सुमारास अर्ध्या मीटरच्या घरात पोहोचते. आपण पुस्तक साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरतो. म्हणजे तीस वर्षे आपली पुंजी संपत होती. पण गरजेपेक्षा शिल्लक जास्त होती, म्हणून खर्च जाणवला नाही. शिल्लक गरजेला येऊन टेकली, त्या दिवशी आपण म्हणालो, "अचानक झाले!"

कामगार चळवळीत मी हा शब्द पुष्कळदा ऐकला आहे. संप झाला की मालक म्हणतो, "कालपर्यंत सगळे ठीक होते." काल ठीक नव्हते, काल फक्त निभावत होते.

दुसऱ्याला हे शिकवणारा मी स्वतः मात्र फसलो. ती गोष्ट सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली. कायद्याची पुस्तके वाचायला शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी करून. त्यामुळे 'मला वाचता येत नाही' हे शब्द तोंडातून काढणे मला मरणासारखे होते. त्रेचाळिसाव्या वर्षी एका कराराच्या वाटाघाटीत टाइप केलेला मसुदा समोर आला. अक्षर बारीक, दिवा मंद. मी कागद लांब धरला, मान हलवली आणि "वाचले" म्हणून सही केली. मजुरीवाढीचा फरक मागील तारखेपासून मिळेल असे बोलणे झाले होते. कागदावर सहीची तारीख होती. चार महिन्यांचा फरक बुडाला. तो माझा नव्हता, मागावर उभ्या राहणाऱ्यांचा होता.

सभेत मी चूक कबूल केली. काहींनी खूप सुनावले आणि ते योग्यच होते. सभा संपल्यावर वहिफणीचे काम करणारे एक वयस्क कामगार मागे थांबले. वहिफणी म्हणजे ताण्याची एकेक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेण्याचे काम. हजारो तारा, आणि एक चुकली तर कापडात दोष. ते हळूच म्हणाले, "भाऊ, दोन वर्सं झाली, मला डोळा दिसत न्हाई. भाच्याला संगं बसवतो, अर्धी मजुरी त्याला देतो."

मी विचारले, "मामा, चष्मा का घेतला नाहीत?"

"चष्मा दिसला की मालक म्हनंल, म्हातारा झाला, आता दुसरा बघा."

मी अब्रूसाठी लपवले, त्यांनी पोटासाठी लपवले. दोघांचेही नुकसान चष्म्याच्या किमतीच्या कितीतरी पट झाले.

आणि मालकाचेही नुकसानच होते, याला पुरावा आहे. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आसामच्या चहामळ्यांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस व त्यापुढील वयाच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांच्या रोजच्या खुडणीत दुसऱ्या गटापेक्षा सुमारे पाच किलोंची जादा वाढ झाली, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. कामगार तेच, हात तेच, मळा तोच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चष्मा हे म्हातारपणाचे प्रमाणपत्र नव्हे. धोट्यासारखे ते कामाचे हत्यार आहे. हत्यार मालकाने पुरवावे, ही मागणी आम्ही आता प्रत्येक करारात घालतो. चष्मा लावल्याने नजर बिघडते हा समज खोटा आहे. नंबर वाढतो तो वयाने, आणि साठीच्या सुमारास तोही बहुधा स्थिरावतो. मात्र रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन थांबू नका. चाळिशीत एकदा डोळे पुरे तपासून घ्या, कारण काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि आपण होऊन सांगत नाही.

त्या मामांनी पुढच्या आठवड्यात चष्मा घेतला. मी त्यांच्या आधी दोन दिवस घेतला होता. पहिल्या संध्याकाळी कचेरीत बसून मी तो जुना करार काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होते.