ॲपलबीबाईंचं मैदान

१९०१चा उन्हाळा. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागच्या अंगणात काही शिक्षिका जमल्या होत्या. उन्हाळी वर्गासाठी इंग्लंडहून आलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या कॉन्स्टन्स ॲपलबी त्यांना हॉकी दाखवणार होत्या. गवताचं मैदान नव्हतं, धड सामान नव्हतं. मिळाल्या त्या काठ्या आणि मिळाला तो चेंडू. खेळाची सुरुवात तेव्हा ‘बुली’ने होई. दोघी समोरासमोर, मध्ये चेंडू. काठी एकदा जमिनीला, एकदा समोरचीच्या काठीला, असं तीनदा टेकवायचं आणि लगेच चेंडूवर तुटून पडायचं. पायघोळ स्कर्ट सांभाळत त्या शिक्षिका हे शिकल्या.

व्हासार कॉलेजच्या हॅरिएट बॅलंटाइन यांनी बाईंना लगोलग आपल्याकडे बोलावून घेतलं. पाठोपाठ स्मिथ, वेलस्ली, माउंट होल्योक अशा मुलींच्या कॉलेजांतही त्या शिकवून आल्या. १९०४मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात त्या रुजू झाल्या आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं तिथेच राहिल्या.

धावपळ मुलींना झेपत नाही, असं भल्याभल्या डॉक्टरांचंही मत असण्याचा तो काळ. बाईंनी कॉलेजच्या अध्यक्षांना उलट विचारलं होतं, की मुलींना मताचा हक्क मिळाला आणि तो बजावायला अंगात ताकदच नसली, तर उपयोग काय? मला त्यांचं सगळं प्रशिक्षण या प्रश्नात दिसतं. मैदानावर त्यांचा आवाज कडक असे, चुकीला माफी नसे. मुलगी नाजूक आहे असं गृहीत धरून सूट देणं त्यांना मान्यच नव्हतं. हा मला त्यांनी मुलींना दिलेला सर्वांत मोठा मान वाटतो.

१९२२मध्ये अमेरिकेतली महिला हॉकी संघटना उभी राहिली, तीत त्या होत्याच. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात त्यांनी हॉकीचं शिबिर सुरू केलं. तिथे शाळकरी मुलींबरोबर त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकाही येत. शिबिरातून परतलेली एकेक शिक्षिका आपल्या शाळेत नवा संघ उभा करी. खेळ पसरला तो असा. १९२४पासून ‘द स्पोर्ट्सवुमन’ हे मासिकही बाईंनी चालवलं. नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा त्या शिबिरात शिकवत होत्या.

ऑलिंपिकला मात्र महिला हॉकीची आठवण व्हायला १९८० उजाडलं. बाई तेव्हा १०७ वर्षांच्या होत्या. अमेरिकेच्या बहिष्कारामुळे तिथल्या मुली मॉस्कोच्या त्या ऑलिंपिकला गेल्याच नाहीत. सुवर्णपदक झिंबाब्वेने नेलं. रूपा सैनींच्या नेतृत्वाखाली भारत चौथा आला. त्या संघात पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या. २६ जानेवारी १९८१ला ॲपलबीबाई इंग्लंडमध्ये वारल्या. अमेरिकेच्या महिलांनी हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक पदक, कांस्य, १९८४मध्ये लॉस एंजलिसला मिळवलं. बाईंच्या शिकवणीचा हिशेब मी त्या पदकावरून मांडणार नाही. तो गावोगावच्या शाळांच्या संघांवरून मांडायला हवा.