पडद्यावरचा खोटा वैद्य

ब्राउझरमधलं संकेतस्थळ तुमच्या संगणकातल्या फायली आपणहून तपासू शकत नाही. ब्राउझरची रचनाच त्याला तिथवर पोहोचू देत नाही. म्हणून एखादं पान अचानक पडदा व्यापून ‘५ व्हायरस सापडले’ असं सांगू लागलं, तर ते खोटं बोलतंय हे तपासणीआधीच सिद्ध होतं. सरकणारी पट्टी, फायलींची नावं, भोंगा हे सगळं आधीच रचून ठेवलेलं चित्र असतं. हा धंदा जुना आहे. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटीव्हायरस’ असल्या सॉफ्टवेअरची बनावट औषधं विकणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८मध्ये खटला भरला आणि २०१२मध्ये न्यायालयाने १६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आता गोळीऐवजी फोन नंबर देतात, एवढाच फरक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

‘पण इशारा खरा निघाला तर?’ ही शंका रास्त आहे. पण खरा व्हायरस खिडकी बंद केल्याने बळावत नाही. एस्केप दाबून ठेवा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, मग संगणकातला स्वतःचा अँटीव्हायरस उघडून तपासणी करा. ऑफिसात असाल तर आयटी विभागाला लगेच सांगा. ओशाळून लपवलेली चूकच महागात पडते. त्या नंबरवर फोन करून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.