पडदा बांधणाऱ्याचा चित्रपट

अनुबोधपट म्हटला की आमच्या पिढीला थिएटरातली पहिली दहा-पंधरा मिनिटे आठवतात. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागे आणि मागच्या रांगांतले लोक विडी ओढायला बाहेर पडत. ही संस्था केंद्र सरकारने १९४८ साली काढली. तिच्या रिळा दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे असे, आणि वर भाडेही त्यांनीच भरायचे. त्यांतल्या काही उत्तम होत्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्याच्या पैशाने कॅमेरा चालतो त्याच्यावरच तो रोखणे अवघड असते.

'स्वतंत्र' अनुबोधपट या शब्दातला 'स्वतंत्र' येथे समजतो. प्रश्न पैशाचा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही तो सुटला नव्हता. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा पट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. पुराणकथेला सावकार मिळतो. पाडलेल्या झोपडीच्या कथेला कोण देणार?

आनंद पटवर्धन यांनी मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर 'हमारा शहर' हा पट १९८५ साली पुरा केला. त्यात एक शाहीर गातो : विलास घोगरे. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. काही दिवसांतच घोगरे यांनी गळफास लावून घेतला. पटवर्धनांनी कॅमेरा उचलला तो तेथून. 'जय भीम कॉम्रेड' बाहेर आला २०११ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि तो तीन तासांहून मोठा आहे.

चौदा वर्षे कशाला, असे कोणी विचारील. वर्तमानपत्राचा बातमीदार दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. हा माणूस त्याच वस्तीत पुन्हा पुन्हा गेला. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. पटात ते तपासून पाहिले आहे. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. मेलेल्यांच्या घरची मुले मोठी होतात, खटला रेंगाळतो, पुढारी पक्ष बदलतात, आणि शाहिरांची नवी पिढी डफ हाती घेते. हे सारे वेळ दिल्यावाचून दिसत नाही.

असा पट सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यापायी पटवर्धनांना अनेकदा कोर्टाची पायरी चढावी लागली. 'राम के नाम' दूरदर्शनवर आला तोही कोर्टाच्या हुकुमानंतरच. थिएटरे तर दारातही उभे करीत नाहीत. मग चाळीत, वस्तीत पडदा बांधायचा.

या पटाचे नावच आम्हा कामगार चळवळीतल्यांना झोंबणारे आहे. घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर. त्यांनी मरताना डोक्याला निळे फडके बांधले होते. असे का व्हावे? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव असे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी त्याला प्रथम महत्त्व दिले नव्हते. आम्ही ही हकिगत पुस्तकात वाचली होती, आणि ती मागच्या जमान्याची समजून पान उलटले होते.

सातपूरला आम्ही हा पट कामगारांना दाखवला. मध्यंतरात चहा झाला, तरी फारसे कोणी उठून गेले नाही. संपल्यावर भाषणे सुरू झाली. आम्हीही बोललो, वर्ग आणि जात यांवर चांगली वीस मिनिटे बोललो. मग मागे भिंतीला टेकून बसलेला कंत्राटी सफाईवाला उभा राहिला. "साहेब, आपल्या युनियनच्या कमिटीत गटारीत उतरणारा माणूस आजवर कधी होता का?" एवढेच त्याने विचारले. व्यासपीठावर आम्ही सहा जण होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुढच्या महिन्याच्या सभेत तो विषय पत्रिकेवर पहिला घेतला, आणि त्यावरून आमच्यात झालेले भांडण अजून मिटलेले नाही.