‘जवळचे नातेवाईक’ : एक रिकामा रकाना

रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘जवळचे नातेवाईक’ असा एक रकाना असतो. बालरोगतज्ज्ञाला तो सहसा रिकामा दिसत नाही. मुलाबरोबर आई, आजी, मावशी, कोणीतरी येतेच. मात्र पेडणे, डिचोलीच्या खेड्यांतून येणारी एखादी वृद्धा अविवाहित असते, निपुत्रिक विधवा असते किंवा तिची मुले दूरदेशी असतात. तिच्यापुढे तो रकाना आला की लेखणी थांबते.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, देशात ८.६ टक्के. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, त्यामुळे मागे एकटी उरते ती बहुधा स्त्रीच.

आपल्या समाजात दानधर्माची उणीव नाही. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयाला आपण आजही ‘आझिलो’ म्हणतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थच आश्रयस्थान असा आहे. पोर्तुगीज काळापासूनची ‘प्रोव्हेदोरिया’ आजही वृद्धांसाठी निवास चालवते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने ज्येष्ठांना दरमहा अर्थसाहाय्य मिळू लागले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी केंद्राने वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले.

उणीव आहे ती निराळीच. ही सारी मदत जो तिच्यापर्यंत चालत जाईल त्याला मिळते. पेन्शन चालू राहण्यासाठी आजीने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. उरलेल्या दिवसांत ती हयात आहे की नाही, हे विचारणारे कोणी नसते.

याउलट आमच्या बाळांचे पाहा. ठरलेल्या दिवशी बाळ लसीकरणाला आले नाही, तर आरोग्यसेविका त्याचे घर शोधत जाते. नोंदवही, ठरलेली तारीख आणि घरभेट या तीन साध्या गोष्टींच्या बळावर आपण पोलिओ हटवला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. हीच शिस्त एकाकी वृद्धांसाठी का वापरू नये? गावातील एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी प्रत्येकीच्या दारी कोणीतरी जावे. आपल्या संघटनेला हे अशक्य नाही.

जाणाऱ्याने सोबत वजनकाटा न्यावा. बाळाप्रमाणेच वृद्धेचेही वजन खूप काही सांगते. पन्नास किलोच्या बाईचे वजन सहा महिन्यांत विनाकारण अडीच किलोने उतरले, तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. पेज आणि चहा यांवरच दिवस निघतात का, कवळी सैल आहे का, मन खिन्न आहे का, क्षय किंवा कर्करोग तर नाही ना, हे पाहावे लागते. या वयात न्यूमोनिया ताप न येताही होतो; कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज भ्रमिष्टासारखी वागते, एवढेच लक्षण दिसते. रोज न पाहणाऱ्याला हा फरक कळणार कसा? म्हणून शेजारणीचा फोन क्रमांक नोंदवहीत हवाच. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, न्हाणीघरातील निसरडी फरशी यांकडेही त्याच भेटीत लक्ष देता येते.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या हातातली आहे. ‘नातेवाईक आणा, मग शस्त्रक्रिया करू’ असे अनेकदा सांगितले जाते. शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असते. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नव्हती. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेसाठी एकेक दिवस मोलाचा असतो. पुतण्याची वाट पाहण्यात तो दवडणे योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०२२ साली मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडण्यातील जमिनीला भाव आला. अशा वेळी एकट्या वृद्धेच्या सहीभोवती आपुलकी अचानक वाढू शकते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. पण ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहून घ्यावी. निपुत्रिक वृद्धेला, तिची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारसाने जाणार आहे, अशा ऐपतदार नातेवाइकाकडून याच कायद्याखाली निर्वाहखर्च मागता येतो. हे तिला कोणीतरी सांगायला हवे. डॉक्टरचे ती ऐकते.

वृद्धाश्रम हवेतच, परंतु अनेकींना आपले घर, तुळस आणि ग्रामदेवतेचा उत्सव सोडवत नाही. त्यांच्यासाठी दान म्हणजे धनादेश नव्हे, ठरल्या तारखेला दारावर पडलेली थाप. आपल्यापैकी प्रत्येकाने अशा दोन घरांची जबाबदारी घेतली, तर केसपेपरवरच्या त्या रकान्यात लिहायला एक नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक नक्की मिळेल.