माहिती चौकट : सुतारकाम आणि कातकाम

लाकूड : नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात साग मिळतो. तो सहसा वाकत नाही, त्याला वाळवीही सहज लागत नाही. म्हणून दारे-खिडक्यांसाठी त्याला मागणी असते. चिवट बाभळीपासून नांगर, वखर, तिफण अशी अवजारे बनत.

सुतार : बारा बलुतेदारांपैकी एक. अवजारे दुरुस्त करण्याचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे. वाकस, करवत, रंधा आणि पटाशी ही त्याची मुख्य हत्यारे. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यावर हे काम घटले.

कातकाम : रंध्याच्या कामात हत्यार सरकते, कातकामात लाकूड गरगर फिरते आणि धारदार हत्यार टेकवून धरले जाते. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब असे घडतात. हा व्यवसाय करणारा तो कातारी.

लाखकाम : फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. कोकणातील सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे.

लाकडी वस्तूची पारख : सांधा घट्ट आहे का, लाकूड पूर्ण वाळले आहे का, टोकाला चिरा आहेत का, हे पाहावे. ओले लाकूड वाळताना आकसते आणि सांधे सैल होतात.