राडलर : अर्धी बिअर, फुल्ल गारवा!

नावात 'राडा' असला, तरी राडलर पिऊन राडा होणं तसं अवघडच. कारण ग्लासात अर्धीच बिअर असते, बाकी अर्धं लिंबाचं गोड लेमोनेड. म्युनिकमध्ये प्रोजेक्टवर असताना उन्हाळ्यात माझी ठरलेली ऑर्डर हीच असायची.

जर्मनमध्ये राडलर म्हणजे सायकलवाला. तिथला फेमस किस्सा असा : जून १९२२, म्युनिकजवळच्या डाइझनहोफेनमध्ये फ्रान्झ क्सावर कुग्लरच्या बिअर गार्डनवर एका शनिवारी १३,००० सायकलवाले येऊन धडकले. बिअर संपायला आली, तेव्हा पठ्ठ्यानं पडून असलेलं लेमोनेड त्यात ओतलं आणि सांगितलं, 'खास तुमच्यासाठी बनवलंय, घरी जाताना सायकलवरून पडायला नको!' किस्सा झकास, पण पूर्ण खरा नाही. लेना ख्रिस्त या लेखिकेच्या १९१२ सालच्या आत्मकथनात राडलरचा उल्लेख आधीच आहे. म्हणजे कुग्लरसाहेबांचं डोकं शोधापेक्षा मार्केटिंगमध्ये जास्त चाललं म्हणायचं!

मला राडलर आवडायचं खरं कारण वेगळंच आहे. आपल्याकडच्या ऑफिस पार्टीत कोल्ड्रिंक घेतलं की 'काय रे, बायकोला घाबरतोस?' सुरू होतं. मुली ग्लास घेवोत वा न घेवोत, कॉमेंट ठरलेलीच. तिकडे लिटरभराचा तोच दणकट मग राडलरनं भरून समोर येतो, सगळ्यांसोबत 'प्रोस्ट' होतं, आणि कुणी चौकशी करत नाही. कमी प्यायचंय, याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, हे मला त्या चवीपेक्षाही मोलाचं वाटलं.

हिशेब सोपा आहे. बिअर ५ टक्क्यांची असेल, तर राडलर साधारण अडीच टक्क्यांचं. पण बॉस, अडीच म्हणजे शून्य नव्हे. दोन मग रिचवले की एक लिटर बिअर पोटात गेलीच. गाडी चालवायची असेल, तर सरळ नुसतं लेमोनेड मागवा.

घरी करायचंय? हलकी लागर आणि लिंबाचा गोड सोडा, दोन्ही फ्रीजमधून थेट. ग्लास तिरका धरून आधी सोडा, मग सावकाश बिअर. बर्फ नको, पाणचट होतं. आणि सवयीनं चिमूटभर काळं मीठ टाकायला जाऊ नका. सगळा फेस उसळून टेबलावर येईल.