मे महिन्याचं ऊन जमिनीत साठवायचं आणि जानेवारीत घर उबदार ठेवायचं! कॅनडातल्या ५२ घरांनी हे करून दाखवलं, मग ते बंद का पडलं?

पुणे, नाशिक, कोल्हापूर. कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर गेलात तर ‘सोलर’ दिसतोच. काचेच्या तिरक्या नळ्या आणि वर आडवी टाकी. मे महिन्यात त्याचं पाणी इतकं कढत येतं की बादलीत निम्मं गार पाणी मिसळावं लागतं. जुलैमध्ये चार दिवस ढग राहिले की तोच नळ कोमटसुद्धा पाणी देत नाही.

म्हणजे नको तेव्हा भरपूर आणि हवं तेव्हा ठणठणाट. आपल्याकडे प्रश्न अंघोळीपुरताच असतो. पण जिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो, तिथे याच उन्हाने तापवलेल्या पाण्यावर अख्खं घर उबदार ठेवता येईल का?

एका घराचं गणित

२०० लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली की तिच्यात साधारण ८ युनिट विजेइतकी उष्णता जमा होते. चार जणांच्या अंघोळी आरामात होतात. पण कडाक्याच्या थंडीत घर तापवायला काढली तर ती काही तासांतच संपेल. शिवाय थंड देशांत हिवाळ्याचा दिवस लहान असतो आणि सूर्य क्षितिजालगत फिरतो. म्हणजे उष्णतेची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच कमाई सर्वात कमी.

तरीही ऑस्ट्रिया, जर्मनीत अनेक घरांवर अंघोळीचं पाणी आणि घराची ऊब अशी दोन्ही कामं करणारी यंत्रणा आहे. तिचे पॅनल जास्त उभे लावतात, म्हणजे हिवाळ्यातलं खालून येणारं ऊन नीट पडतं आणि बर्फही घसरून जातो. टाकी मोठी असते. गरम पाणी फरशीखालच्या नळ्यांमधून फिरवतात, कारण अख्खी फरशीच तापत असेल तर ३५ अंशांचं पाणीही पुरतं. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलमध्ये याचा चांगला उपयोग होतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र गॅस किंवा लाकडाची भट्टी पेटवावीच लागते.

मग उन्हाळ्यातली उष्णताच सहा महिने साठवली तर? एका घराच्या टाकीत ते जमत नाही, कारण ती काही दिवसांत निवते.

पातेलं मोठं हवं

कपातला चहा दहा मिनिटांत गार होतो. लग्नाच्या पंगतीतल्या मोठ्या पातेल्यातली आमटी मात्र तासाभरानेही चटका देते. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून आणि साठते ती आतल्या आकारमानात. चौकोनी टाकीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आत आठपट पाणी मावतं, पण बाहेरचा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणून साठा जितका मोठा, तितका तो जास्त काळ गरम राहतो. एका घराला न जमणारी गोष्ट अख्ख्या वस्तीला जमू शकते, ती अशी.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी शहराच्या दक्षिणेला ओकोटोक्स नावाचं गाव आहे. तिथल्या ड्रेक लँडिंग या ५२ घरांच्या वस्तीत २००७ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. घरांमागच्या गॅरेजच्या छपरांवर जवळपास ८०० सोलर पॅनल बसवले. त्यांची उष्णता आधी पाण्याच्या दोन मोठ्या टाक्यांत यायची आणि तिथून जमिनीखाली जायची.

जमिनीत ३५ मीटरच्या आसपास खोल अशी १४४ भोकं पाडली होती. आपल्याकडच्या बोअरवेलसारखीच, फक्त पाणी उपसायला नव्हे तर उष्णता पुरायला. प्रत्येकात इंग्रजी ‘यू’ आकाराची नळी. उन्हाळ्यात गरम पाणी मधल्या भोकांपासून कडेच्या भोकांकडे जायचं, त्यामुळे मधली माती सर्वात जास्त तापायची आणि बाहेरची माती तिला पांघरुणासारखी जपायची. हिवाळ्यात प्रवाह उलटा. वरून उष्णतारोधक थर आणि त्यावर माती. उन्हाळा संपताना खालची जमीन ८० अंशांच्या आसपास पोहोचायची.

थंडी पडली की तेच गरम पाणी भूमिगत नळ्यांतून घरोघरी यायचं. घरात एक कॉइल आणि पंखा. पंखा कॉइलवरून हवा ढकलायचा आणि खोल्या उबदार व्हायच्या. (अंघोळीच्या पाण्याचा सोलर वेगळा होता, प्रत्येक घराच्या छपरावर.)

जमीन तापायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी घरं तापवायला लागणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम ५५ टक्के उन्हातून आली. पाचव्या वर्षी हा आकडा ९७ टक्क्यांवर गेला आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात तर थेट १०० टक्के!

मग माशी शिंकली कुठे?

२०२४ मध्ये ही यंत्रणा बंद करण्यात आली आणि घरांमध्ये नैसर्गिक वायूच्या भट्ट्या बसवण्यात आल्या. सोशल मीडियावर अशा बातमीचा अर्थ लगेच ‘सौरऊर्जा फेल’ असा लावला जातो. पण ऊनही होतं आणि जमीनही उष्णता धरत होती. थकली ती उपकरणं. ती बिघडू लागली, बदली भाग मिळेनात आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली. मला यातली खरी अडचण संख्येत दिसते. एकाच नमुन्याची, ५२ घरांपुरती यंत्रणा असेल तर तिचे सुटे भाग कोण बनवत बसेल? आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च फक्त ५२ कुटुंबांत वाटायचा म्हटलं तर तो प्रत्येकाला जडच जाणार.

डेन्मार्कचा अनुभव वेगळा आहे. तिथल्या बऱ्याच गावांत घराघरात गरम पाणी पुरवणारं नळांचं जाळं आधीपासूनच होतं. त्यालाच सोलर जोडला. व्होयेन्स या गावात ७० हजार चौरस मीटरचे पॅनल आहेत आणि वाळूच्या जुन्या खाणीत बनवलेलं, २० कोटी लिटर गरम पाण्याचं झाकलेलं तळं आहे. गावाला लागणारी जवळपास निम्मी उष्णता उन्हातून येते. उरलेल्या निम्म्यासाठी इतर सोय ठेवलेली आहे आणि ती मालकी पुरवठा घेणाऱ्या गावकऱ्यांचीच आहे.

ड्रेक लँडिंगची आखणी झाली तेव्हा वीज बनवणारे सोलर पॅनल फार महाग होते. आता ते स्वस्त झालेत. त्यामुळे थंड देशातल्या एकट्या घराला आज बहुतेक वेळा छतावर विजेचे पॅनल आणि सोबत हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, हेच सोयीचं पडतं. गरम पाण्याचा मोठा साठा शोभतो तो गावाला किंवा शहराला.

आपल्या गच्चीवरच्या सोलरचं काय?

महाराष्ट्रात घर तापवायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे २०० लिटरची टाकी अंघोळीपुरती छान आहे. पण थकतात ती उपकरणं, हे इथेही लागू आहे. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात आणि पाणी कमी तापू लागतं. हिवाळ्याआधी एकदा नळ्या साफ करून घ्या आणि काचेवरची धूळ पुसा. टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपला उष्णतारोधक वेष्टण आहे का, तेही बघा. नसेल तर सकाळी पहिल्या दोन बादल्या गारच येणार.